रंग सुटलेली चार अंडी

१२ नोव्हेंबर, बुधवार. किन्हीराजा

उबवणीच्या अंड्यांची मागणी अखेर नोंदवली. चार निळी, चार शेवाळी हिरवी, चार गडद चॉकलेटी. विकणारी स्नेहल, सातारा भागातली; आवाजावरून तिशीच्या आतली. फोनवर अकरा प्रश्न विचारले. नऊ उत्तरे समाधानकारक, दोन जरा जास्तच समाधानकारक. कोंबड्यांची छायाचित्रे मागितली तर तीन मिनिटांत आठ आली. इतकी तयार छायाचित्रे एक तर रोज विकणाऱ्याकडे असतात, नाहीतर दुसऱ्याची उचलणाऱ्याकडे.

तरीही मागणी दिली. निवृत्तीनंतरचे दीड वर्ष इतरांनी सुचवलेले छंद करून पाहण्यात गेले. हा माझा आहे. अंगणात मोजक्या कोंबड्या आणि सकाळच्या टोपलीत एका रंगाशेजारी दुसरा रंग, मी ठरवला तसा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारच्या कमळाबाईंची कोंबडी खुडूक झाली आहे. अंडी देणे बंद, अंग फुगवून कोपऱ्यात बसून राहते, जवळ गेले की चोच मारते. अंड्यांवर बसवण्याची हीच वेळ. यंत्र घेणार नाही. इथली वीज मी ओळखून आहे.

बोलणी गावच्या रीतीने, म्हणजे बटईने. कोंबडी त्यांची, अंडी माझी, पिले निम्मी-निम्मी. लिहून घेऊ म्हटले. क. म्हणाल्या, "ताई, बकऱ्या देल्या बटईनं, गाय देली, कागद कधी केला नाही. आता कोंबडीचा कागद करता का? मंग तिचाच अंगठा घेजा."

स्वतःच हसल्या. मी हसले नाही. पिले वाटताना पहिली निवड कोणाची, हे ठरलेले नाही. लक्षात ठेवणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

मालेगावला बसथांब्यावर दोन तास. ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने खोके एका हाताने, कडेवरच्या लेकरासारखे नव्हे, विटेसारखे खाली दिले.

"काय हाय यात?"
"अंडी."
"आधी सांगाव लागते ना मॅडम. टायरावरच ठेवलं होतं."

घरी येऊन उघडले. तुसात रुतवलेली, प्रत्येक अंडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले. वर चिठ्ठी: "टोक खाली करून चोवीस तास विसावू द्या. एक निळं जास्तीचं दिलंय, वाटेत गेलंच तर असावं." अक्षर वळणदार.

एकही फुटलेले नाही. टायरावरून इतका प्रवास करून एकही नाही! आणि मागितली बारा, आली तेरा. न मागता जास्तीचे देणारा माणूस काहीतरी झाकत असतो.

शिसपेन्सिलीने क्रमांक घातले. निळी १ ते ४ व १३, हिरवी ५ ते ८, चॉकलेटी ९ ते १२. चॉकलेटी जरा अतीच सुंदर आहेत. लाकडी दाराला पॉलिश करावे तशी. निसर्ग इतका नीटनेटका नसतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शंका खरी ठरली.

क्र. ९ ओल्या कापसाने पुसले. कापूस तपकिरी. १०, ११, १२, तेच. कवचावर फिकट पट्टे उमटले. तुलनेसाठी क.कडचे गावरान तांबूस अंडे पुसले. कापूस पांढरा शुभ्र. रीतसर प्रयोग, रीतसर तुलना. अंडी रंगवलेली आहेत.

हौशी लोकांचा "रंगीत अंडी परिवार" म्हणून व्हॉट्सॲप गट आहे, राज्यभरातून माणसे आहेत, स्ने.ही तिथेच विकते. दुपारी तिथे सविस्तर लिहिले. पाच मुद्दे, दोन छायाचित्रे, विकणारीचे नाव. भावनेचा एकही शब्द नाही.

ते चालू असताना क. आल्या आणि टेबलावरची तेराच्या तेरा अंडी पदरात घालून गेल्या. चार बाजूला काढायची होती. धावत गेले तोवर टोपल्यात सोयाबीनचे कुटार म्हणजे भुसा, त्यावर अंडी, त्यावर कोंबडी. कुटाराखाली लोखंडी खिळा आणि कोळसा. ढग गडगडले तर अंडी नासू नयेत म्हणून. नोव्हेंबरात गडगडत नाही, हे सांगितले. "मंग राहू द्या ना, खिळा काई दाणे खात नाही."

चार अंडी काढून द्या म्हटले. "बसल्या कोंबडीखालून काढत नसतात ताई. तिचं मन उडते."
"ती खोटी आहेत."
"कोंबडीले कुठं माहीत आहे?"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गटात मोठी खळबळ. तिघांनी स्ने.कडची मागणी रद्द केल्याचे जाहीर केले. एकाने लिहिले, "मॅडम, तुमच्यासारख्यांनी डोळे उघडले." समाधान वाटले. नाकारत नाही.

सायंकाळी तिचा फोन. "मॅडम, ह्या जातीचा रंग अगदी शेवटी चढतो, कवचाच्या वरच बसतो. ओलं लावलं की थोडा सुटतोच. चिठ्ठीत लिहिलं होतं की मी."

चिठ्ठी मी वाचली आहे, त्यात असे काही नाही, असे सांगितले. चिठ्ठीचा विषय तिने तिथेच सोडला. मग, "थंडीचे चार महिनेच अंडी पाठवता येतात हो. उन्हाळ्यात वाटेतच उकडतात. हे चार महिने गेले की माझं वर्ष गेलं. तुम्ही शिकलेल्या आहात, लोक तुमचंच खरं धरणार."

आवाज स्थिर होता. खोटे बोलणाऱ्यांचाही असतो. तीस वर्षे तोंडी परीक्षा घेतल्या आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कोंबडी दाणापाण्याला उठली तेवढ्यात मोजली. बारा. तेरावे कुठे?

"फुटलं. तिचाच पाय पडला," क. म्हणाल्या, भाकरी थापता थापता. कवच पाहायला मागितले. त्या उठल्या, पिठाच्या हातांनीच उकिरड्यावरून कवच आणून माझ्या तळहातावर ठेवले. हिरवे. क्र. ६ स्पष्ट.

"घ्या. करा पंचनामा."

कवच खरे होते. आतले कुठे गेले, ते विचारले नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस एक गोष्ट टोचत आहे. गावरान अंड्याशी तुलना केली. पण गावरान अंडे त्या जातीचे नव्हे. तुलनाच चुकीची होती. विद्यार्थिनीने असा प्रयोग लिहून आणला असता तर मी वही परत केली असती.

अंड्याचा तपकिरी रंग पॉर्फिरिन या द्रव्याचा. ते नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली लालभडक चमकते. एम.एस्सी.च्या वर्गाला हे मी दरवर्षी शिकवले आणि सोमवारी मला ते आठवले नाही. की आठवू द्यायचे नव्हते?

मालेगावच्या कृषी केंद्रातून दिवा मागून आणला. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी, रसायनशास्त्रात दोनदा नापास. "कायले पाह्यजे मॅडम? घरी नोटा छापून राह्यले का?"

मागची खोली बंद करून, फटींना चादर लावून, सोमवारचा जपून ठेवलेला कापूस दिव्याखाली धरला.

लाल. विस्तवासारखा.

काही शायाही चमकतात, म्हणून घरातल्या तिन्ही शाया, चहा आणि पानातला कात कापसावर घेऊन पाहिले. एकही लाल नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चिठ्ठी या वहीतच होती, पानखूण म्हणून. आज पहिल्यांदा उलटली.

मागच्या बाजूला, त्याच वळणदार अक्षरात: "चॉकलेटी अंडी धुऊ नका, ओलं फडकं लावू नका. रंग सुटतो आणि कवचाची छिद्रं उघडी पडून आत घाण शिरते."

तीस वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले, प्रश्नपत्रिका आधी उलटून पाहा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गटावर खुलासा टाकला. "पूर्वीचा निष्कर्ष चुकीचा होता. रंग नैसर्गिक आहे. गैरसमजाबद्दल दिलगीर आहे." तीन वाक्ये, पुरेशी.

आज सातवा दिवस. कोंबडी दाणे टिपायला उठली तेव्हा खोलीचे दार लावून मोबाइलच्या उजेडासमोर अंडी धरली. क. दाराशी पहारा देत उभ्या: "लवकर करा, अंडे थंडे पडतीन." निळ्या १ ते ४ मध्ये लाल धाग्यांची जाळी, मध्ये एक हलता ठिपका. सुरेख. १३ स्वच्छ, म्हणजे रिकामे. हिरव्यांत दोन चांगली, एक संशयास्पद. ९ ते १२, इतक्या गडद कवचातून काहीच दिसत नाही. आत काय आहे ते एकवीस दिवसांनीच कळेल.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

स्ने.चा संदेश. जसाच्या तसा उतरवते:

"मॅडम, माझ्यावर लिहिलंत तेव्हा खाली डॉक्टर, एम.एस्सी., पीएच.डी., माजी विभागप्रमुख असं सगळं होतं. दिलगिरीखाली नुसतं पहिलं नाव आहे."

तासभर संतापले. मग जाऊन दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहिले. निरीक्षण अचूक आहे.

ही अक्षरे मला फुकट मिळालेली नाहीत. आमच्या घरात माझ्याआधी कोणाच्याही नावापुढे काही नव्हते; बाबांनी पाटी रंगवून घेतली तेव्हा रंगाऱ्याला एकेक अक्षर बोट ठेवून दाखवले होते. ती अक्षरे मी एका अनोळखी मुलीचा हंगाम मोडायला वापरली आणि चूक कबूल करताना घरी ठेवून गेले.

२६ नोव्हेंबर, बुधवार

पुन्हा लिहिले. या वेळी सगळे. चुकीची तुलना, दिव्याचा प्रयोग, न उलटलेली चिठ्ठी, दोन्ही बाजूंची छायाचित्रे. खाली पूर्ण नाव, पूर्ण पदव्या, पूर्ण हुद्दा.

पहिली प्रतिक्रिया चार मिनिटांत: "मॅडमवर दबाव आलेला दिसतो."
दुसरी: "धमकी दिली असेल. पोलिसांत जा, आम्ही पाठीशी आहोत."
तिसरी, ज्याचे मी डोळे उघडले होते त्याची: "किती दिले हो मॅडम तिने?"

प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिले. जितके सविस्तर लिहावे तितका त्यांचा संशय पक्का होतो. त्यांची तर्कपद्धती ओळखीची आहे. माझीच आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

स्ने.ने गट सोडला. कोणीही काही लिहिले नाही.

फोन केला. उचलला, अपेक्षा नव्हती. आणखी दोन डझन अंडी मागते, त्याबद्दल गटावर लिहिते, असे सुचवले. "नको मॅडम. तुम्हाला अंडी द्यायला माझा हात होईना." राग नव्हता आवाजात. पुढे म्हणाली, "तुमच्याकडची ती चार निघाली तर पिलांच्या पायांवर पिसं असतात. तपकिरी कवच आणि पिसांचे पाय, एका फोटोत. त्याला कोणी दबाव म्हणणार नाही."

म्हणजे सगळे आता ९ ते १२ वर आहे. त्याच चारांवर, जी मी पुसली.

४ डिसेंबर, गुरुवार

क.ना आज सगळे सांगितले. इतके दिवस का सांगितले नव्हते, माहीत नाही. त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. ऐकून घेतले.

"म्हणजे त्या पोरीचं नाव आमच्या कोंबडीच्या पोटाखाली आहे म्हणा ना."
"हो."
"आन् तुमी त्या रोजी चार अंडे काढून फेकाले निंगाल्या होत्या."
"हो."
"काहून इतका शक घेता ताई? माह्यावरबी घेतला ना, त्या फुटक्या अंड्याच्या टायमाले?"

शक घेणे हेच माझे शिक्षण होते, म्हटले. शंका घेतल्याशिवाय आमच्यासारख्यांना कोणी काही शिकवले नसते, फसवूनच ठेवले असते.

क. म्हणाल्या, "थे खरं आहे. पन आमी कोन फसवून राह्यलो तुमाले?" आणि एक मूठ शेंगा माझ्यासमोर सरकवल्या, सोला म्हणून.

८ डिसेंबर, सोमवार

एकविसावा दिवस. सकाळपासून टोपल्यात बारीक आवाज. दुपारपर्यंत पाच पिले, दिवेलागणीला सहावे. निळ्यांतली चार, हिरव्यांतली दोन. क. एकेकाला हातावर घेऊन चोच पाहतात आणि परत आईखाली सारतात. माझ्या हाती देईनात. "तुमचा हात थंडा आहे." हिरव्यांतले उरलेले एक आणि १३, दोन्ही रिकामी.

९ ते १२, काही नाही. एखादी भेगही नाही.

स्ने.ला कळवले. उत्तर तासाभराने: "असू दे मॅडम. उद्यापर्यंत थांबा, मग फोडून बघा आणि दिसेल ते लिहा. तुम्ही लिहाल ते मी मानते."

तीनदा वाचले. ही उदारता की डाव? चारही कोरी निघाली तर दोष तिच्या कोंबड्याचा. नासकी निघाली तर माझ्या ओल्या कापसाचा. कोणते ते पाहणार मी, सांगणारही मीच. ज्याने आपले नुकसान केले त्याच्या हाती कोणी असा निवाडा देते का? काहीतरी हेतू असला पाहिजे. शोधून पाहिला. सापडत नाही, आणि त्यामुळे जास्त अस्वस्थ आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी बशी आणि चमचा घेऊन गेले. क. फोडू देईनात. "आधी पान्यात तं सोडून पाहा." रीत अशी: गंजात, म्हणजे पातेल्यात, कोमट पाणी, अंडे अलगद सोडायचे, आत जीव असेल तर अंडे आपोआप डुलते. ओलाव्यानेच आधी घोटाळा झाला आहे, म्हटले. "थो घोटाळा तुमचा. हे आमचं आहे."

पाणी मी ओतले. अंडी त्यांनी सोडली.

क्र. ९ कुशीवर पडून राहिले. क्र. १० उभे तरंगले, वास सुटला, क.नी ते चिंधीत धरून लगेच कुंपणापलीकडे नेऊन पुरले. क्र. ११ निश्चल. क्र. १२ सोडले. टोक किंचित डावीकडे गेले, थांबले, परत आले.

"हाललं!" क. ओरडल्या.
"पाणी हलतंय."
"पानी कोन हालवून राह्यलं? मी तं हात मांगं घेऊन उभी आहो."

पाणी पुरते स्थिर झाले होते का? घड्याळ पाहिले नव्हते. गंज जमिनीवर, जमीन सारवलेली, समतल आहे असे गृहीत धरलेले. माझा पदर पाण्याला लागला असेल. पुन्हा सोडून पाहू म्हटले.

"एकडाव सांगितलं ना त्यानं. जित्या जिवाले किती खेपा पान्यात घालता?" अंडे पदराने टिपले, न घासता, आणि सहा पिलांना बाजूला सारून कोंबडीखाली ठेवले. कोंबडीने चोचीने ओढून घेतले.

९ आणि ११ फोडली. ९ कोरे. ११ मध्ये रक्ताचे कडे, वाढ पहिल्याच आठवड्यात थांबलेली. ते माझ्या कापसाने, की टायरावरच्या प्रवासाने, हे कोणताही दिवा सांगणार नाही. १० बद्दल मात्र शंका नको. ते माझे.

सायंकाळी स्ने.ला पाहिले ते क्रमाने लिहून पाठवले. ९ कोरे. १० नासले, मी पुसल्यामुळे. ११ चे कारण सांगता येत नाही. गटावर अद्याप काही लिहिलेले नाही. निम्मा निकाल लिहून एकदा काय झाले ते पाहिले आहे.

१२ बद्दल काय लिहावे, यावर बराच वेळ गेला. 'हलले' लिहून खोडले. 'हलल्यासारखे वाटले' लिहून खोडले. शेवटी लिहिले: पाण्यात एकदा हलले. पाहणाऱ्या दोघी. कमळाबाईंची खात्री आहे. दुसरी टोपल्यापाशी बसून आहे, दुपारपासून, आणि कान लावून ऐकते आहे.